नवी इलेक्ट्रिक गाडी: आत्ताच घ्यावी की पुढचं मॉडेल येऊ द्यावं?

मुठाकाठ (धागाकर्ता), ३ डिसेंबर २०२५

घरात वर्षभर हाच विषय चघळून झालाय, आता तुमच्यापुढे टाकतो.

आमची डिझेल हॅचबॅक २०१४ची. चालतेय, पण क्लच आणि सस्पेन्शनचं काम निघालंय आणि तिच्यावर आता पैसे घालायची इच्छा नाही. राहायला कोथरूड, नोकरी चाकणला. जाऊन-येऊन पंचाहत्तर किलोमीटर पडतात, आणि त्यातला नाशिक फाटा ते मोशी हा टप्पा काय चीज आहे ते पिंपरी-चिंचवडकरांना वेगळं सांगायला नको. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चिपळूण, ताम्हिणीमार्गे. बजेट ऑन-रोड अठरा ते वीस लाख.

घ्यायची इलेक्ट्रिकच, त्यात आता वाद नाही. वाद आहे तो कधी घ्यायची याचा. सप्टेंबर २०२४मध्ये एमजी विंडसर आली, ३८ किलोवॅट-अवर बॅटरीची, म्हणजे ३८ युनिट वीज मावणारी. आवडली, पण बॅटरी लहान वाटली म्हणून थांबलो. मे २०२५मध्ये तीच गाडी ५२.९च्या बॅटरीसह 'प्रो' होऊन आली. थांबलो ते बरं झालं, म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण मग चटकच लागली. याच वर्षी जानेवारीत क्रेटा इलेक्ट्रिक आली, मार्चपासून महिंद्राच्या बीई ६ रस्त्यावर दिसायला लागल्या, जूनमध्ये हॅरियर ईव्ही, मागच्या आठवड्यात १९.९५ लाखांपासून महिंद्राचीच एक्सईव्ही ९एस. काल मारुतीने ई-विटारा दाखवली, पण किंमत काही सांगितली नाही. वर टाटा सिएराची इलेक्ट्रिक यायचीच आहे.

शोरूमवाला म्हणतो, डिसेंबरचा स्टॉक आहे, चांगला डिस्काउंट देतो, आत्ता उचला. बाबा म्हणतात, गुढीपाडव्याला घे. बायको म्हणते, तू घेणारच नाहीस.

किती थांबायचं याचा काही हिशेब असतो का? की जो तो आपल्या मनाचं समाधान करून घेतो?

चार्जिंगला_लावलंय

तुमच्या बायकोशी मी सहमत. :)

गंमत बाजूला. २०२२पासून नेक्सॉन ईव्ही चालवतोय, त्यामुळे किमतींचा खेळ जवळून बघितलाय. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२मध्ये ८.४९ लाखांना आली. ही किंमत फक्त पहिल्या दहा हजार ग्राहकांना, असं सांगितलं. बुकिंगला अशी झुंबड उडाली की दहाचे वीस हजार करावे लागले. २०२३च्या सुरुवातीला किंमत ८.६९ झाली आणि ज्यांनी पटकन बुक केलं होतं ते खूश. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तीच गाडी ७.९९ला! बॅटरीतल्या सेलच्या किमती उतरल्या म्हणून कंपनीनेच कमी केली. म्हणजे 'इंट्रोडक्टरी प्राइस हुकली' म्हणून रडणाऱ्यांना शेवटी स्वस्त पडली.

तेव्हा शोरूमवाल्याची 'ही किंमत महिनाअखेरपर्यंतच' ही धमकी मनावर घेऊ नका. महिनाअखेर दर महिन्याला येते.

हिशेबनीस

तुम्ही हिशेब मागितला म्हणून आलो.

महिन्याला बावीस दिवस धरले तर १६५० किलोमीटर. तुमची डिझेल गाडी त्या ट्रॅफिकमध्ये सतराचं अ‍ॅव्हरेज देते असं मानू आणि डिझेल ९१ रुपये. महिन्याचे ८,८०० रुपये झाले. इलेक्ट्रिकला युनिटमागे साडेसहा किलोमीटर आणि चार्जिंगमधली गळती मिळून २८० युनिट लागतील. घरच्याच मीटरवर लावलीत तर घरचा वापर आणि गाडी मिळून ३०० युनिटच्या वर जाणार आणि वरचा स्लॅब लागणार, म्हणून वीज शुल्कासकट १३ रुपये युनिट धरतो. ३,६४० रुपये. फरक पाच हजारांच्या जरा वर, वर्षाला साठ-बासष्ट हजार. इंजिन ऑइल, फिल्टर वगैरे वेगळं.

म्हणजे तुम्ही एक वर्ष थांबलात, तर गाडी किमान साठ हजारांनी स्वस्त व्हायला हवी किंवा तेवढ्या किमतीची सुधारणा तिच्यात यायला हवी. नाहीतर थांबणं महागात पडलं.

आता मागचं बघा. नेक्सॉन ईव्हीचं फेसलिफ्ट सप्टेंबर २०२३मध्ये १४.७४ लाखांपासून आलं. फेब्रुवारी २०२४मध्ये १४.४९, आणि सप्टेंबर २०२४मध्ये सणाच्या निमित्ताने थेट १२.४९. त्या वर्षी जो थांबला तो सव्वादोन लाखांनी जिंकला. पण त्यानंतर? आज सव्वा वर्ष झालं, सुरुवातीची किंमत १२.४९च आहे. टियागो ७.९९ला, पंच ईव्ही ९.९९ला, जिथल्या तिथे. सप्टेंबर २०२४ला 'अजून उतरेल' म्हणून जो बसून राहिला त्याचे डिझेलपायी पाऊण लाख जास्तीचे गेले आणि हाती काही आलं नाही.

मोठी घसरण होऊन गेली, असं माझं मत. आता कंपन्या त्याच किमतीत बॅटरी मोठी देतील, फीचर वाढवतील. तुम्हाला ४५ किलोवॅट-अवर पुरते की नाही, एवढंच ठरवा.

जाता जाता: विंडसरच्या बॅटरी-भाड्याच्या योजनेत ९.९९ लाखांचा आकडा बघून हुरळू नका. सुरुवातीला किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं होतं. त्यात विजेचे दोन-सव्वादोन मिळवले की तुमच्या रनिंगला ते डिझेलच्याच घरात जातं. कमी फिरणाऱ्यांसाठी ती योजना बरी, तुमच्यासाठी नाही.

उद्याचा_ग्राहक

सॉलिड स्टेट बॅटरी येऊ घातलीय, सोडियम-आयनही येतेय. दहा मिनिटांत चार्ज, हजार किलोमीटर रेंज. दोन वर्षं कळ काढा, आत्ताच्या सगळ्या गाड्या भंगारात जातील.

चार्जिंगला_लावलंय

@उद्याचा_ग्राहक, २०२२मध्येही हेच ऐकलं होतं. तेव्हाही दोनच वर्षं बाकी होती.

आणि भंगारात कशा जातील? त्यांना रोज पंचाहत्तर किलोमीटर जायचंय. २०२०ची पहिली ३०.२ किलोवॅट-अवरची नेक्सॉनही कोथरूड-चाकण-कोथरूड करून घरी परत येईल. नवी बॅटरी बाजारात आली म्हणून जुनीची रेंज रात्रीतून कमी होत नाही. रिसेलला मार बसेल, हे मान्य.

कुंभार्ली

रेंज-किमतीवर सगळे बोलतील. मी पहिल्या बॅचबद्दल बोलतो, कारण ते भोगलंय.

कंपनीचं नाव घेत नाही. मॉडेल नवंकोरं, बुकिंग उघडल्या-उघडल्या नोंदवलेलं. डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांनी सकाळी गाडीजवळ गेलो तर मुडदा. हँडल बाहेर येईना, स्क्रीन काळी, किल्लीला काही प्रतिसाद नाही. आदल्या रात्री ८० टक्के चार्ज होता. किल्लीतली छोटी लोखंडी पात काढून दार उघडलं. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, बॉनेट उघडलं, मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरलेली! मोठ्या बॅटरीत घर चालेल एवढी वीज, पण तिचा काँटॅक्टर (मुख्य स्विच) ओढायला लागतात ते बारा व्होल्ट नाहीत. गाडी 'झोपली' तरी कुठलंतरी मॉड्युल जागंच राहत होतं आणि रात्रभर छोटी बॅटरी खात होतं. जंप स्टार्ट दिला की चालू, दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी सॉफ्टवेअर अपडेट आल्यावर थांबलं. तोवर सर्व्हिस सेंटरला माझं नाव पाठ झालं होतं.

त्याच मॉडेलची गाडी माझ्या मेहुण्याने आठ-दहा महिन्यांनी घेतली. एकही तक्रार नाही.

म्हणून माझा नियम: मॉडेल रस्त्यावर येऊन एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. पाण्यात कनेक्टरचं काय होतं आणि मे महिन्यात डीसी (फास्ट) चार्जिंगचा वेग किती पडतो, हे तोवर मालकांच्या ग्रुपांवर कळतं. ई-विटारा असो वा सिएरा, कितीही चांगली असली तरी तुमच्या हिशेबात ती २०२७ची गाडी आहे.

शिवाय नव्या मॉडेलची महागडी व्हेरिएंट आधी येतात. बीई ६चं बघा, आधी 'पॅक थ्री'च्या डिलिव्हऱ्या, खालचे पॅक नंतर. जाहिरातीतल्या १८.९० लाखांवर जीव जडलेल्यांना थांबावंच लागलं.

हिशेबनीस

पावसाळा-उन्हाळ्याचा नियम पटला. माझ्या गणितात हा रकाना नव्हता.

पार्किंग_बी_३

मुठाकाठ, तुम्ही गाडीबद्दल सगळं लिहिलंत, पण ती लावणार कुठे हे लिहिलंच नाहीत. सोसायटी की बंगला?

सोसायटी असेल तर मॉडेल वगैरे नंतर, आधी प्लग. आमच्याकडे चार्जिंग पॉइंटच्या एनओसीचा विषय कमिटीच्या मीटिंगमधून वार्षिक सभेत गेला. तिथे एका काकांनी 'आग लागली तर जबाबदार कोण' विचारलं, मग इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं पत्र आणा, मग केबल कॉमन पॅसेजमधून जाते म्हणून पुन्हा चर्चा. गाडी शोरूममध्ये तयार होती आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे चहा पीत होतो. केबलने अंतरही थोडंथोडकं कापलं नाही: मीटर रूममधून भिंतीच्या कडेने, लिफ्टच्या डक्टला वळसा घालून, मग माझा खांब. तांब्याची जाड केबल आणि स्वतंत्र अर्थिंग मिळून खर्च मनात धरला होता त्याच्या दुप्पट.

तेव्हा आजच सेक्रेटरींना अर्ज द्या. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. तिला घरगुती स्लॅब लागत नाहीत, म्हणजे हिशेबनीसांचे १३ रुपये आणखी खाली येतील. घरच्याच मीटरवर घेणार असाल तर मंजूर भार तपासून वाढवून घ्या.

आणि ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर लागतोच असं नाही. तुमच्या रोजच्या धावण्याला साधारण बारा-तेरा युनिट लागतील. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटने चार-साडेचार तास. रात्री जेवून लावा, पहाटे तयार. फक्त सॉकेट औद्योगिक दर्जाचं घ्या, गीझरचं नको. ते रोज चार तास पूर्ण लोड सहन करत नाही, वितळतं.

मुठाकाठ

सोसायटी, ६४ फ्लॅट, आजवर एकही ईव्ही नाही. म्हणजे काकांचा प्रश्न आमच्याकडेही येणार.

पार्किंग_बी_३

मग पहिला बळी तुम्हीच. मनापासून शुभेच्छा.

सांताक्लारा_मराठी

इकडचा अनुभव सांगते, कारण मुदतीच्या धाकाने गाडी घेणं म्हणजे काय ते नुकतंच बघितलं. अमेरिकेत नव्या ईव्हीवर साडेसात हजार डॉलरपर्यंतचं फेडरल टॅक्स क्रेडिट (करसवलत) होतं, ते ३० सप्टेंबर २०२५ला संपलं. शेवटच्या महिन्यात शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. मैत्रिणीने नको त्या रंगाची, नको त्या ट्रिमची गाडी घेतली, कारण मुदतीत तीच मिळत होती. ऑक्टोबर उजाडला आणि काही कंपन्यांनी आपणहून सवलती देऊन बरीचशी कसर भरून काढली.

क्रेडिट महत्त्वाचंच होतं, पण नको ती गाडी आठ वर्षं चालवण्याइतकं नाही.

मंत्रालय_लोकल

सरकारी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

जीएसटी: २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, नवे दर आले. छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्या २८ टक्के अधिक सेस होत्या त्या १८वर आल्या. ईव्ही आधीही ५ टक्के, आताही ५. म्हणजे ईव्ही महाग झाली नाही, पण पेट्रोलवाली स्वस्त झाल्याने दोन्हींतलं अंतर कमी झालं. पितृपक्षात शोरूम ओस होती ती काही फक्त पितरांमुळे नाही!

राज्य: महाराष्ट्राच्या नव्या ईव्ही धोरणाची मुदत ३१ मार्च २०३०पर्यंत आहे. मोटार वाहन कर माफ. अटल सेतूवर ऑगस्टपासून ईव्हीला टोल नाही. खरेदीवरच्या अनुदानाचा उल्लेख धोरणात आहे, पण माझा सल्ला असा की ते पैसे बजेटमध्ये धरूच नका. आले तर दिवाळी.

कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाखापर्यंतची वजावट मिळायची, ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. शोरूममधली पोरं अजून ते सांगतात. विश्वास ठेवू नका.

आकुर्डी_स्टेशन

थोडं अवांतर, पण स्कूटरवाल्यांसाठी उलटं गणित आहे. तिथे थांबणाऱ्याला दर वेळी फटका बसला. जून २०२३मध्ये केंद्राने अनुदान कापलं, किलोवॅट-अवरला १५ हजारांचं १० हजार आणि कमाल मर्यादा ४० टक्क्यांवरून १५ टक्के. एका रात्रीत किमती चढल्या. पुढे केंद्राच्याच पीएम ई-ड्राइव्ह योजनेत पाच हजार, एप्रिल २०२५पासून अडीच हजार. दुचाकींसाठी तेही मार्च २०२६पर्यंतच. स्कूटर घ्यायची असेल तर पुढचं मॉडेल वगैरे विसरा.

शिवाय यंदा चीनने मोटरला लागणारे रेअर अर्थ मॅग्नेट अडवले तेव्हा आमच्याकडे चेतकचं उत्पादन थांबेल की काय, असं खुद्द बजाजने जाहीर बोलून दाखवलं होतं. 'नंतर घेऊ' म्हणताना नंतर मिळेल का, हाही प्रश्न असतो.

जुनं_ते_सोनं

एक-दीड वर्ष वापरलेली का घेत नाही? पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो आणि मॉडेलचे दोषही कळलेले असतात.

हिशेबनीस

वाईट नाही, पण वॉरंटीची गोम बघा. हल्ली 'लाइफटाइम बॅटरी वॉरंटी' म्हणतात ती पहिल्या मालकाला. टाटांच्या बाबतीत लाइफटाइम म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं. मालक बदलला की ती ठरावीक वर्षं आणि किलोमीटरवर येते. बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महागडा भाग, तेव्हा त्या कागदाची किंमत पकडूनच सौदा करा.

उलट बाजूनेही एक: ही वॉरंटी जुलैमध्ये कर्व्ह आणि नेक्सॉन ४५ला लागू केली तेव्हा आधी घेतलेल्या पहिल्या मालकांनाही मिळाली. लवकर घेणारा दर वेळी फसतोच असं नाही.

वाशिष्ठी

मी चिपळूणचीच. रेंजबद्दल सांगते. नेक्सॉन ४५चे कागदावरचे ४८९ किलोमीटर वगैरे आकडे सोडून द्या, टाटा स्वतःच त्याशेजारी साडेतीनशेच्या आसपासचा प्रत्यक्ष आकडा छापतात, तो धरा. कोथरूडहून ताम्हिणीमार्गे आमच्याकडे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. ४५ची बॅटरी न थांबता येते. ताम्हिणी उतरताना रीजेनमुळे (वेग कमी करताना मोटर बॅटरीत वीज परत भरते) काही टक्के परत मिळतात, पुण्याला परत जाताना मात्र चढ त्याहून जास्त वसूल करतो.

खरी मारामारी गणपतीत. माणगाव-महाड पट्ट्यात चार्जर आहेत, पण आदल्या दिवशी सगळी मुंबई तिथेच. एक बंद, एकावर पेट्रोल गाडी लावून मालक मिसळ खायला गेलेला, आणि उरलेल्या एकापुढे रांग. त्यामुळे मधे थांबावंच लागू नये एवढी बॅटरी घ्या आणि गावच्या घरी पडवीत १५ अँपिअरचा पॉइंट काढून ठेवा. माझ्या मते तुमच्यासाठी ३८ की ५२ हा प्रश्न इथेच सुटतो, पुढच्या मॉडेलची गरज नाही.

उद्याचा_ग्राहक

ठीक आहे, मी तरी थांबतोय.

चार्जिंगला_लावलंय

थांबा की! कुणीतरी २०२८मध्येही 'थांबा' म्हणायला हवंच.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री हे सगळं घरी वाचून दाखवलं.

ठरलंय ते असं. ई-विटारा आणि सिएरा यादीतून बाहेर, किंमत काहीही निघो. एक पावसाळा, एक उन्हाळा पार केलेल्यांपैकी ४५ किंवा त्याहून मोठ्या बॅटरीची गाडी. म्हणजे नेक्सॉन ४५, कर्व्ह किंवा क्रेटा. विंडसर प्रोचा पहिला उन्हाळा पुढच्या मे महिन्यात पूर्ण होईल, म्हणून ती सोडली, मन थोडं खट्टू झालं खरं. बुकिंग मात्र सोसायटीची एनओसी हातात पडल्यावरच. सेक्रेटरींना आज अर्ज दिला. त्यांचा पहिला प्रश्न: 'आग लागली तर?'

एकच सांगा. डिसेंबरचा २०२५चा स्टॉक डिस्काउंटने घ्यावा की जानेवारीत २०२६ची मागावी?

कुंभार्ली

आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर डिस्काउंट घ्या. दहा वर्षांनी २०२५ आणि २०२६मध्ये कुणी फरक करत नाही. तीन-चार वर्षांत विकायची सवय असेल तर मात्र जानेवारी.

पण स्टॉकची गाडी घेताना व्हीआयएनवरून (चासी नंबरवरून) उत्पादनाचा महिना काढा. यार्डात सहा महिने उभी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी नवी घालून मागा, आणि मोठी बॅटरी किती टक्क्यांवर ठेवली होती तेही विचारा. सॉफ्टवेअर ताजं करूनच ताब्यात घ्या. पीडीआयला, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला, एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा.

मुठाकाठ

डीसी लावून दाखवतात का डिलिव्हरीआधी?

कुंभार्ली

आपणहून नाही दाखवत. बऱ्याच शोरूममध्ये फास्ट चार्जर असतो, नसेल तर जवळच्या स्टेशनवर न्यायला सांगा. बाकीचं पेमेंट करायच्या आधी सांगा, नंतर नाही.